आवणीचा तिसरा दिवस

“तारीख सांग. तारीख नाही तर तक्रार नाही.” हवालदारानं बिस्कीट चहात बुडवलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

“आवणीचा तिसरा दिस, साहेब.”

तो हसला. शेजारच्या टेबलावरचाही हसला. “आवणी काय कॅलेंडरात छापून येते काय गं?”

आमच्या साखरशेत गावाकडे आम्ही दिवस असेच मोजायचो. पावसाआधी राब भाजताना, आवणीत भाताची रोपं लावताना, मग नागली झोडताना. ज्याच्या शेतावर रोपं लावायला जायचो, त्या मालकानं तिसऱ्या दिवशी मला बांधावरच्या खोपीत ओढलं. जबरदस्ती केली. एवढं पक्कं ठाऊक.

आणि मी शहाणी! सरकारकडे जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून गेलेले. जसे बघायला पाहुणेच यायचे होते. हवालदार म्हणाला, “जिच्यावर असं होतं ती नटून येते होय?” मग त्यानंच भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवलं. “हा सोमवार लिहू?”

मला वाटलं, तारीख सरकारच देतं, रेशनसारखी. “लिहा साहेब,” म्हटलं. वर हात जोडले. अंगठा उठवला. काय लिहिलं, विचारलंसुद्धा नाही. ढ ती ढच.

त्या सोमवारी मालक नाशिकला मेहुणीच्या लग्नात होता. फोटो होते. माणसं साक्षीला होती. खोपीपर्यंत एकही पोलीस चालत आला नाही. तक्रार खोटी. खोडाळ्याच्या बाजारात बाया मला बघून कुजबुजायच्या. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, आपणच दिवस चुकलो. इतकी वर्षं वाटलं. थकले बाई त्या वाटण्यानं.

गेल्या महिन्यात शहरातून एक मुलगी आली. पोलिसांकडच्या अशा तक्रारींत खरोखर खोट्या किती, ते शोधते म्हणाली.

“मग मी कुठल्या ढिगात गं?”

“कागदावर खोट्यांच्या, आजी. पण तपासच झाला नाही, त्याला खोटं म्हणता येत नाही. अशा मी वेगळ्या काढते.”

“म्हणजे खऱ्यात?”

तिनं हातातले कागद चाळले. मग म्हणाली, “तसंही कागदावरून ठरत नाही.”

पोर खोटं बोलली नाही, तेवढं बरं. जाताना तिनं माझ्या संमतीचा कागद पुढं केला. “इथं अंगठा द्या, आजी.”

मी अंगठा पदरात गुंडाळला. “आधी वाच.”

तिनं वाचला. सगळा. तारखेची जागा आली तेव्हा मी सांगितलं, “लिही, आवणीचा तिसरा दिवस.” तिनं तसंच लिहिलं. मग अंगठा दिला.

उद्या शेजारची सून तसलीच तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जायचीय. तिचा दिवस नागली झोडायचा. तिला म्हटलं, “आहेस त्याच साडीत चल. मी आहे.” गुडघे दुखतात, जीपमध्ये पाय मावत नाहीत, तरी जाणार. साहेब कॅलेंडराकडे बोट नेईल, तेव्हा त्याचं बोट धरणार. तिनं सांगितलेला दिवसच कागदावर येईल. आणि तो वाचून दाखवेपर्यंत आम्ही दोघी बाकावरून उठणार नाही.