आणि पार्टी

आमच्याकडे भीमगीतं आणि कव्वाल्या गाणाऱ्या मंडळाला पार्टी म्हणतात. फलकावर गाणाऱ्याचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘आणि पार्टी’. मी हयातभर त्या बारीक अक्षरांत बेंजो वाजवला. गाणारा माझा मित्र, पुलगावला त्याचं शिलाईचं दुकान. गेल्या हिवाळ्यात तो गेला. नाव त्याचं, आवाज त्याचा, तेव्हा पार्टीही गेली, असं माझं सरळ मत होतं. कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगत फिरायचो.

मग एका रविवारी त्याची मुलगी माझ्या नालवाडीच्या घरी आली. ती शाळेत शिकवते. गळा बापाचा, हट्टही बापाचाच.

“काका, जयंतीले इथं कार्यक्रम हाये. मी गाणार हावो. फलकावर बाबाचंच नाव राहीन. बेंजोवर तुमी पायजे.”

“तुह्या नावानं गा ना. त्याच्या नावानं काऊन?”

“पार्टी त्याईची हाये म्हणून.”

“गाणारा गेला म्हणजे पार्टी गेली, पोरी.”

तिनं शांतपणे चहा संपवला, “विचार करून सांगजा” म्हणाली आणि स्कूटी काढून निघून गेली. विचार करायचं काही नव्हतंच. तरी त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. पेपर अर्धा वाचून उठायचो, नळाखाली बादली लावून विसरायचो, कारण नसताना चौकापर्यंत जाऊन परत यायचो. बायको वैतागली. म्हणाली, “बसा ना बाप्पा एका जागी, मलेच चक्कर येऊन राह्यली.”

या तगमगीत मी जुना नाद पुन्हा उकरून काढला. तरुणपणी पुलगावात लष्कराच्या डेपोतून बदली होऊन जाणाऱ्या साहेबांचं सामान जुन्या बाजारात विकायला यायचं. खुर्च्या, पडदे, इस्त्र्या. त्यात एकदा मला दोन कॅसेटींचा एक संच मिळाला. कुठल्याशा इंग्रज रॉक बँडचा अल्बम, लोकांसमोर वाजवताना ध्वनिमुद्रित केलेला. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. शब्द कळायचे नाहीत, पण ऑर्गनवाला असा काही सुटायचा की माझी बोटं आपोआप हलायची. मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे त्यात चुका होत्या. एका ठिकाणी ऑर्गनवाल्याचा हात घसरतो, आणि तो ती चूकच पुन्हा वाजवून तिची जागा करून टाकतो. ही माणसं आपल्यातलीच आहेत, असं मला तेव्हा वाटलं.

मित्राच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या कॅसेटी लावायचो. तो मशीन चालवत ऐकायचा आणि बोलायचा. “काय बे, हे गाणं हाये का वरात? संपूनच नाई राह्यलं.” मधेच गाणाऱ्याचा आवाज बंद व्हायचा आणि पाच-सात मिनिटं नुसतं वाजत राहायचं. त्याचं कारण मित्रानं ठामपणे सांगितलं होतं: गाणारा खाली उतरून लोकांकडून बक्षीस घेतोय. आमच्याकडे तसंच असतं ना. माणूस नोट घेऊन उठला की गाणारा थांबतो, देणाऱ्याचं नाव पुकारतो, जयभीम म्हणतो आणि मग पुढचं कडवं. “मंग त्याचं नाव काऊन नाई पुकारत?” मी विचारलं. “इंग्रज हाये. लाजत असन,” तो म्हणाला. त्यावर आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

आता हातात फोन आहे. मी त्या बँडचा सगळा इतिहास वाचून काढला आणि डोकं आणखी बिघडलं. आमच्या गावकीत नाहीत एवढ्या भानगडी. सुरुवातीचा गिटारवाला त्यांनी काढून टाकला. मोठं यश मिळालं आणि ढोल वाजवणारा दुसऱ्याच बँडमध्ये गेला. ऑर्गनवाला रुसून जायचा, परत यायचा, पुन्हा रुसायचा. एकदा तर दोन टोळ्या झाल्या आणि दोन्ही म्हणू लागल्या की खरे आम्हीच. पुढे सगळे एकत्र येऊन एकाच मंचावर वाजवू लागले. मग म्हातारे झाले, एकेक करून गेले. आणि बँड अजून चालूच! परवाचाच एक कार्यक्रम मला सापडला. तोच अल्बम, त्याच क्रमानं, पण त्या कॅसेटीतला एकही माणूस मंचावर नाही. लोक टाळ्या वाजवताहेत. मला असा संताप आला की मी फोन आपटणार होतो. पण आपटला नाही. शेवटपर्यंत ऐकलं, आणि वाजवणारे चांगले होते याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी नकार द्यायला मी पुलगावला गेलो. दुकानाच्याच मागे त्यांचं घर. मुलीला फोनवरचा कार्यक्रम दाखवला आणि सगळी कथा सांगितली. “पाह्य. नाव तेच, माणूस एकही नाई. याले काय अर्थ हाये?”

तिनं थोडा वेळ पाहिलं. “लोक तं आयकून राह्यले, काका.”

मग मी माझा हुकमी एक्का काढला. आमचं एक गाणं होतं, ते गायल्याशिवाय लोक आम्हाला मंचावरून उतरू द्यायचे नाहीत. शेवटच्या काही वर्षांत मित्र त्याच्या मध्यावर माझ्याकडे बघून “वाजव” म्हणायचा आणि मागे पेटीजवळ जाऊन खाली बसायचा. मी बेंजो घेऊन सुटायचो. मनात येईल तेवढं, इंग्रजांसारखं. तो उठून आला की मी थांबायचो. आयुष्यभर त्यानं माझ्या कॅसेटींची टर उडवली, पण अखेरीस ती जागा त्यानं आमच्या गाण्यात आणली, याचा मला फार अभिमान होता. “ते आमच्या दोघांचं होतं,” मी तिला म्हणालो. “ते दुसऱ्या कोणासंग होत नाई.”

तिनं फोन मला परत दिला. मग हळू आवाजात म्हणाली, “काका, बाबाले दमा होता. तुमी वाजवत तवा ते मागं बसून पंप घेत. तुमाले सांगू नको म्हणत. म्हणत, त्याले सांगशीन तं तो लवकर थांबन.”

खरं सांगायचं तर आधी अपमान वाटला. एवढी वर्षं मी ज्याला माझी कला समजत होतो, ती त्याच्या श्वासाची सोय होती. मग त्याचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं आणि मला तिथंच, तिच्यासमोर, रडू आलं. तिनं पाण्याचा गिलास आणून दिला.

“मले दम लागत नाई,” ती म्हणाली. “पण ते जागा तशीच ठेवू. मी लहानपणापासून गाणं तसंच आयकलं.”

जयंतीच्या संध्याकाळी नालवाडीत मंडप भरला होता. फलकावर त्याचं नाव होतं, खाली ‘आणि पार्टी’. ती गायला उभी राहिली, आणि चांगलं गायली. बापासारखं नाही, जिथे तो आवाज चढवायचा तिथे ती खाली उतरायची. ते गाणं आलं. मध्यावर ती माझ्याकडे वळली, पण “वाजव” म्हणाली नाही. नुसती मान हलवली.

मी सुटलो. एक फेरा झाला, दुसरा झाला. ढोलकीवाल्यानं दोनदा सम गाठून दिली, तरी मी पुढेच. ती माईकजवळ उभी राहून माझं संपायची वाट बघत होती, आणि मी वाट बघत होतो तो उठून यायची. त्याच्या येण्याशिवाय मी कधी थांबलोच नव्हतो. लोक ठेक्यावर टाळ्या देऊ लागले. माझी बोटं दुखत होती. शेवटी मी वाजवता वाजवता मान वळवून मागे पाहिलं. पेटीजवळची सतरंजी रिकामी होती.

मी तारांवरून हात उचलला, आणि तिनं पुढचं कडवं घेतलं.