मास्तरांचं बुद्धिबळ आणि आमचा फोन

जुन्या फोनची घंटा कुणी मोबाइलला लावली की माझा ब्रश आजही थबकतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हमरापुरात आमच्या आळीतला एकुलता फोन आमच्या गणपतीच्या कारखान्यात होता. सगळी आळी तोच नंबर पाहुण्यांना द्यायची आणि हाक मारून आणायचं आम्ही. त्या श्रावणात शेजारच्या मास्तरांच्या लेकीचे मुंबईत दिवस भरलेले. घंटा वाजली की मी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सोडून चिखलातून पळायचो, मास्तर धापा टाकत यायचे, आणि पलीकडची बाई विचारायची, "पाण्याचा फिल्टर घेणार का?" एकदा घंटेने दचकून माझ्या हातून बाप्पाची भुवई वाकडी गेली, तेव्हा मी भडकलोच. "मास्तर, कंपनीला आमचा नंबर दिला कोणी?" "मीच. पेणच्या सायबर कॅफेत कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतो ना, नंबर टाकल्याशिवाय खेळ सुरूच होत नाय." "मग तुमचा टाकायचा!" "माझ्याकडं फोन हाय कुठं?" वर तक्रार त्यांचीच, की तासाचे पैसे देऊनही डावाच्या मध्येच फिल्टरची जाहिरात नाचते. दुसऱ्या दिवशी फोनवर कुणी पुरुष म्हणाला, "मास्तर आहेत का?" "नको तुमचा फिल्टर!" म्हणत मी रिसीव्हर आपटला. तो त्यांचा जावई होता, मुलगी झाल्याचं सांगायला. परवा त्याच नातीच्या लग्नात मास्तरांनी नवरदेवाला माझी ओळख करून दिली, "हिच्या जन्माची बातमी यांनी फिल्टर समजून परत पाठवली." अख्खा मांडव हसला. नंबर कुणी वाटला होता, ते मात्र म्हातारा आजही लोकांना सांगत नाय.