माझ्यासाठी आणलेली वाटी

टेबलावर पाच पांढऱ्या वाट्या मांडलेल्या. त्या पाहुण्यांसाठी. मालकांनी आतून स्टीलची एक वाटी आणली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ताई, तुम्ही यातून घ्या."

लातूरच्या त्या कॉफीच्या दुकानात मी चव बघायचं काम करायचे. पुण्यात शिकून आले होते. आमच्या धंद्यात कॉफी पास करायची एक रीत आहे. वाट्यांभोवती सगळ्यांनी उभं राहायचं. चमचा ज्याचा त्याचा, वाट्या सगळ्यांच्या. चमचा बुडवायचा, कॉफी सुर्रकन ओढायची, चमचा पाण्यात विसळून पुढच्या वाटीत घालायचा. कुठंही जा, हेच. माझी आजी जन्मभर वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायली. म्हणून मला ही रीत पहिल्याच दिवशी आवडली होती.

दुष्काळाचं साल. नळ कोरडे, दुकानात टँकरचं पाणी. खारं पाणी आलं की भारीतली कॉफीसुद्धा काढ्यासारखी लागायची. कोणतं पाणी वापरायचं, कोणती कॉफी गिऱ्हाइकापुढं जाऊ द्यायची, हे मी ठरवायचे. मालक चारचौघांत म्हणायचे, "आमच्या ताईची जीभ म्हंजी सोनं हाय." उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती. जिल्हा झाला की तिथं दुसरं दुकान काढायचं आणि ते मी सांभाळायचं, असा त्यांनी शब्द दिला होता. मी घरी सांगूनही टाकलं होतं.

उदगीरच्या त्या नव्या दुकानात भागीदार व्हायला उदगीरचे तिघे दाळमिलवाले आले होते. कॉफी ओतून झाली. त्यांच्यातल्या थोरल्यानं हातात चमचा घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं.

"गाव कंचं म्हणायचं तुमचं?"

"कंधारकडचं."

"हाव का? आमचे सोयरे हायेत तिकडं. गावात घर कुठंशिक?"

"बुद्धविहाराच्या मागं."

"बरं, बरं." त्यानं चमचा खाली ठेवला आणि मालकांकडं बघितलं. मालक उठून आत गेले. ती वाटी घेऊनच बाहेर आले.

कोणी शिवी दिली नाही. शिकलीसवरली माणसं होती. मालक माझ्या कानाशी लागले, "मनाला लावून घेऊ नका ताई. जुन्या वळणाची माणसं हायेत."

जुन्या वळणाची! एकाची जीन्स गुडघ्यावर फाटकी होती, तीही फॅशन म्हणून. दुकानातलं मशीन परदेशी, दिवे परदेशी. विटाळ तेवढा गावचा.

मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू? वाटलं, घ्यावी मुकाट्यानं, उदगीरचं दुकान तरी मिळेल. हात पुढं गेलासुद्धा. त्या हाताची मला आजही चीड येते.

मग मी तो मागं घेतला.

"वर्षभर मी चाखलेली कॉफी विकता. माझी जीभ चालते आणि चमचा चालत नाही?"

"आवाज वाढवू नका," मालक म्हणाले.

मी वाढवला. माझा चमचा पहिल्या पांढऱ्या वाटीत बुडवला आणि दुकानभर ऐकू जाईल असा भुरका मारला. चमचा विसळला. दुसरी. तिसरी. पाचही वाट्या झाल्या. तिघे भिंतीला टेकून बघत राहिले.

"पाचही नापास," मी म्हणाले. "पाणी खारं आहे. मला न विचारता भरलंत."

थोरला म्हणाला, "चला रे." त्यांची गाडी गेली. मालक माझ्यावर ओरडले, "वाटुळं केलं माझं!" मी एप्रन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले.

उदगीरचं दुकान गेलं. घरी सांगितलेलं मागं घ्यावं लागलं. गेलं तर गेलं.

आता मी नांदेडला एका दुकानात चव बघते. कामाला लागतानाच अट घातली. टेबलाशी माझी जागा कोणासाठी हलणार नाही. भागीदार येवो, आमदार येवो. ज्याला माझा चमचा चालत नाही, त्यानं माझ्या हातची कॉफी पिऊ नये. मी त्याला ती पिऊ देणार नाही.