दगडू गोमसची सोयरीक

दगडू गोमस ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबायचा. आडनाव किरिस्तावाचं, पण अंगणात तुळस. पोर्तुगिजांच्या काळात त्याचं आगरी घराणं बाटलं होतं. साठ वर्षांमागे आजानं चार-सहा घरांसोबत पुन्हा हिंदू धर्म धरला. माणसं परतली, पण गावच्या आगऱ्यांनी त्यांना पंगतीत घेतलं नाही. त्यांना वेगळं नाव पडलं, वरप.

दगडूला वाटायचं, आता कोण एवढं लक्षात ठेवतंय. त्यात माजिवड्याच्या आगरी काळुरामनं, वीस वर्षं शेजारच्या वाफ्यात मीठ ओढणाऱ्या त्याच्या सोबत्यानं, आपल्या पोरासाठी दगडूच्या पोरीला, शेवंतीला, मागणी घातली. दगडूच्या बायकोनं, सगुणानं, त्या दिवशी घर सारवून काढलं.

पंधरा दिवसांतच सरकारची खानेसुमारी, माणसांची मोजणी, आली. कारकून वडाखाली बसला, जातीचे पंच बाजूला उभे. दगडूनं जात सांगितली, आगरी. पंच हसले. कारकुनानं लेखणी थांबवून काळुरामला विचारलं, हा तुमच्यातलाच का?

काळुरामनं पंचांकडे पाहिलं. पंचांनी त्याला आदल्या दिवशीच वाळीत टाकायचा धाक घातला होता.

"वरप लिवा," तो म्हणाला.

सोयरीक तिथंच मोडली.

मग दगडू झेवियरकडे गेला. झेवियर त्याच्या आजाच्या भावाचा नातू. ते घर किरिस्तावच राहिलं होतं. झेवियरनं त्याला ओटीवर बसवलं, पेज दिली. दगडूनं विचारलं, आम्ही परत तुमच्यात आलो तर पोरीला घर मिळंल का?

 झेवियर म्हणाला, "पाद्री घेतील रे. पण आमची माणसं पोरगी करायची नाहीत. ज्यांनी एकदा सोडलं, त्यांचा भरवसा धरत नाहीत कोणी."

उरली वरपांचीच घरं, नि त्यात सगळे चुलत-मावस. रक्ताचा नव्हता असा एकच निघाला, कल्याणकडचा मारुती. दोन बायका गेलेला, दम्यानं वाकलेला.  दगडूनंच शेवंतीचं त्याच्याशी लग्न लावून तिला होडीत बसवलं.

दोन पावसाळ्यांनी ती विधवा झाली. माहेरी आणायला दगडू गेला, तेव्हा तिनं दारातूनच सांगितलं, "बाबा, तिकडं येऊन तरी मी कोणाची व्हनार?"

दगडू एकटाच परतला. दुसऱ्या दिवशी तो मिठावर गेला. काळुराम शेजारच्याच वाफ्यात होता. दोघं दिवसभर मीठ ओढत राहिले, एकमेकांकडे न बघता.