खांबाची फिरती खुर्ची

गल्लीत त्याला सगळे खांब म्हणतात. केस कापायला एकदा खुर्चीमागे उभा राहिला की राहिला. गिऱ्हाईक बदलेल, आरशातला उजेड सरकेल, पण ह्याच्या चपला ठेवल्या जागी. त्या दोन जागा झिजून फरशीचा मूळचा रंगही उडालाय.

पहिल्यापासून तो असा नव्हता. दुकानात आधी साधी लाकडी खुर्ची होती. तेव्हा कात्री घेऊन तो गिऱ्हाइकाभोवती घिरट्या घालायचा. मग संध्याकाळी पाय जड व्हायला लागले, घोटे सुजायला लागले. पिंढरीवरच्या शिरा जाड झाल्या, दोरखंडासारख्या पीळ घालून वर आल्या. त्यानं मनाशी हिशेब मांडला. पाय चालून चालून दमलेत, तर त्यांची चाल कमी करावी. म्हणून हौसेनं फिरती खुर्ची आणली. एका बोटानं ढकलली तर गर्रकन वळेल अशी.

"आता गिऱ्हाईक फिरेल, मी नाही," असं तो ज्याला त्याला सांगायचा. खांब हे नाव पडलं ते त्यानंतर.

पाय काही ऐकेनात. घोट्याच्या वरचं कातडं काळपट, कडक झालं. एकदा खुर्चीच्या पायदानाची कड तिथं लागली. खरचटल्यासारखं झालं, इतकंच. पण ते भरेना. चिघळून त्याची जखम झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, बँडेज दिलं, पाय वर घेऊन झोपायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "जखम भरली नाही तर उभ्याचं काम सोडावं लागेल."

बसल्या जागी लोकांची हजामत करायला तो काही पुढारी नव्हता. दुसरं काम हाताला ठाऊक नव्हतं.

त्याच दवाखान्यात त्याची मेहुणी परिचारिका. मलमपट्टी तीच करायची.

"दाजी, बँडेज सैल कुणी केलं?"

"तुझ्या बहिणीनं."

"ताई म्हणते तुम्ही."

"मग तुम्ही दोघी ठरवा, तोवर पाय इथं ठेवून जातो."

ती हसायची, पण जखम बघताना तिच्या कपाळाला आठी पडायची. औषध बरोबर, पट्टी बरोबर, मग गाडी अडते कुठं, हे तिला कळत नव्हतं.

एका दुपारी ती सासऱ्यांना केस कापायला घेऊन दुकानात आली. म्हातारबुवा खुर्चीत बसले, ही बाकावर. बघायला काही नव्हतं म्हणून तिची नजर दाजींच्या पायांवर गेली आणि तिथंच थांबली. कात्री चालत होती, खुर्ची डावीकडे वळली, उजवीकडे वळली. पाय मात्र पुरल्यासारखे.

"दाजी, दिवसभर असंच चालतं?"

"असंच म्हणजे?"

"पाय हलतच नाहीत तुमचे."

"हलवायचे कशाला? म्हणून तर खुर्ची आणली," तो ऐटीत म्हणाला.

"घात झाला तो तिथंच," ती म्हणाली. "हृदय रक्त ढकलतं, ते अंगठ्यापर्यंत जोरात पोचतं. पण तिथं केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून जाता जाता सगळा जोर सरतो. आता परत वर छातीत यायचं तर उभा चढ. तो चढवणार कोण?"

"हृदयच की," सासरे मान न हलवता म्हणाले.

"मामंजी, ते मागून थोडं रेटतं, पण उभ्या माणसाला तेवढं पुरत नाही. चढावर हात लावते ती पिंढरी. पाऊल टाकलं की ती आवळते, आतली शीर दाबते, रक्त वर सरकतं. शिरेत जागोजागी झडपा असतात. वर जाणाऱ्याला वाट देतात, खाली घसरणाऱ्याला अडवतात. चालणारा माणूस पावलापावलाला रक्त वर चढवत असतो."

"आणि उभा राहणारा?" खांबानं विचारलं. कात्री थांबली होती.

"त्याचं तुंबतं. भारानं शिरा फुगतात, झडपा मिटेनाशा होतात, मग आणखी तुंबतं. पाणी झिरपून पाय सुजतो. वर गेलेलं रक्त फुप्फुसातून हवा घेऊन, हृदयातून पुन्हा खाली येतं. पण खाली असं तुंबून राहिलं, तर जखमेला पोसणार कोण?"

"अगं, पण पायाला आराम म्हणूनच तर..."

"आराम पडून, पाय उशीवर. उभ्यानं कसला आराम, दाजी?"

म्हातारबुवांच्या दुसऱ्या कानावरचे उरलेले केस त्यानं खुर्चीला वळसा घालून कापले.

पण हाताची सवय वाईट. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला बोट आपसूक खुर्चीच्या पाठीला लागलं आणि खुर्ची फिरली. दुपारीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्यानं समोरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं.

"खुर्ची फिरू नये अशी कायमची बसव."

"एवढी चांगली खुर्ची? वेड लागलं का?"

"खुर्ची चांगलीच आहे. मालक बिघडलाय."

ठिणग्या उडत होत्या तेव्हा तो तोंड फिरवून वस्तऱ्याला धार लावत बसला.

मग लोकांच्या जिभेला काम मिळालं. "खांब हलला रे," असं म्हणत पोरंटोरं दारातून डोकावायची. दुकान अरुंद, वळसा घालताना कंबर बेसिनला आपटायची. त्यानं कपाट काढून मागे नेलं आणि वाट केली. गिऱ्हाईक नसलं की टाचा उचलायच्या, टेकवायच्या. सकाळी तो अंथरुणातून उठायच्या आत, सूज चढायच्या आधी, बायको बँडेज बांधायची. घोट्याला घट्ट, वर जरा सैल. तो कण्हला की म्हणायची, "माझी बहीण विचारेल तेव्हा माझं नाव सांगता ना? मग सोसा."

जखम कडेनं भरत आली. मध्ये एकदा पुन्हा ओलसर झाली. पण नंतर सुकली. थंडी सरता सरता मेहुणीनं पट्टी उलगडली तर खाली गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ कातडं. तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"घट्ट मोजे जन्मभर घालायचे. बिघडलेल्या शिरांचं पुढं बघू. काम करा."

बाहेर बायको थांबली होती. "काय म्हणाले?"

"फिरत राहा म्हणाले."

"मग उद्यापासून भाजी तुम्ही आणा."

"दुकानात फिरा म्हणाले, बाजारात नाही," असं म्हणत तो पुढं चालायला लागला.

दुकानाच्या बंद दारापाशी दोघं जण भिंतीला टेकून ताटकळत होते. त्यानं कुलूप काढलं आणि त्यांच्या पायांकडं बघितलं.

"असे उभे राहू नका," तो म्हणाला. "बसा, नाहीतर एक चक्कर मारून या."