मनगटापर्यंत बाही

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब माझ्याच दुकानात उभे राहून मला लग्नाचा गाऊन शिवायला शिकवत होते.

"योसेफकाका, बाही मनगटापर्यंत पाहिजे. नाहीतर मी लग्न लावणार नाही."

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पिंपरीत ख्रिस्ती नवरीचा गाऊन म्हटलं की माझंच नाव निघतं. मला बाही शिकवणारा अजून जन्माला यायचाय. तोंडात टाचण्या होत्या म्हणून साहेब वाचले.

नवरी रिबेका समोरच उभी, ट्रायलला. ट्रायल म्हणजे कच्चे टाके घालून कपडा अंगावर बघणं. पोरगी चाकणला गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये. तिथं डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट आणि मेकअपला बंदी. पावडरचा कण गाडीवर उडाला तरी रंगाला खड्डा पडतो म्हणे.

"साहेब," ती म्हणाली, "गाडी नटावी म्हणून मी आठवडाभर कोरं तोंड घेऊन जाते. माझ्या लग्नात तरी मला नटू द्या की."

"देवाला आतली शोभा आवडते, बाळ."

"ती आहेच. बाहेरची एकच दिवस मागतेय."

साहेब जरा नरमले. "बरं, लिपस्टिक फिकी लाव. पण बाही मनगटापर्यंत. शालीनता म्हणून काही असतं." आणि गेले.

रिबेकाला बिनबाह्यांचाच गाऊन हवा होता. ती रडायला लागली. मीही चर्चच्या मंडळीतलाच. नवरी झाकलेली असावी हे मला पटतं. पण किती झाकावी, ते शास्त्रात इंचांत दिलेलं नाही.

"थांब पोरी," मी म्हटलं. "मनगटापर्यंत पाहिजे म्हणाले ना? दिसली पाहिजे असं कुठं म्हणाले?"

नेट म्हणजे जाळीचं तलम कापड. ते अंगाच्या रंगाचं मिळतं, पण बाजारातला तो रंग गोऱ्या पोरींचा. रिबेका सावळी. मग मी पांढरी नायलॉनची नेट आणून चहाच्या पाण्यात उकळली, वाळवली, तिच्या हाताला लावून बघितली, पुन्हा उकळली. दोरासुद्धा त्याच चहात रंगवला. बाही घातली की हात उघडाच वाटायचा. असलं सफाईचं काम मी जन्मात केलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी रिबेका वेदीपाशी आली आणि साहेबांनी पुस्तक मिटलं.

"बाही कुठंय?"

"आहे की, साहेब," रिबेका म्हणाली.

चर्चभर कुजबुज. नवऱ्या मुलाचा बाप उठून उभा राहिला. मी सरळ पुढं गेलो.

"मनगटापर्यंत आहे, साहेब. हात लावून बघा."

"मी? नवरीच्या दंडाला?" साहेब मागं सरकले.

मग त्यांच्या मिसेस उठल्या. आमच्यात त्यांना पाळकीणबाई म्हणतात. चष्मा सावरत आल्या आणि दंडाला चिमटा काढला.

"आई गं!" रिबेका ओरडली.

"हे कातडं," बाई म्हणाल्या. पुन्हा चिमटीत धरलं. या खेपेला नेट ताणली गेली. "आणि ही बाही. आहे हो."

"अगं, पण दिसत नाही ना!" साहेब म्हणाले.

"न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवा, हे दर रविवारी तुम्हीच सांगता."

सगळं चर्च हसलं. साहेबांनी ओठ दाबून पुस्तक उघडलं. लग्न लागलं.

जेवताना लोकांनी गाऊनची तारीफ केली. बाहीबद्दल मात्र चकार शब्द नाही. उलट एक म्हातारी मला विचारते, "योसेफ, कापड कमी पडलं का रे?"

तेव्हा कळलं, काम इतकंही चांगलं करू नये की ते केलंय हेच लोकांना कळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी उरलेल्या नेटची एक बाही शिवली, बाहेरच्या काचेत टांगली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'ही बाही आहे.'