भुताला स्वतःचा चेहरा देणाऱ्या विमलताई

विमलताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या हडळ होत्या. भयकथांच्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर मला शीर्षकाची अक्षरं काढायची होती, म्हणून मी खडकीला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. आत आरशासमोर एक बाई डोळे वटारून, दात विचकून बसल्या होत्या आणि हात कागदावर भराभर चालला होता. "बसा," त्या तोंड तसंच ठेवून म्हणाल्या, "हडळ झाली की चहा टाकते." त्यांचे यजमान शेजारी शांतपणे पेपर वाचत होते. मी मात्र चहा येईपर्यंत खुर्चीच्या टोकावरच बसून होतो.

भयपटांच्या पोस्टरांवर आणि मासिकांवर ताईंनी जेवढी भुतं रंगवली, ती सगळी त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून. अशा देखण्या बाईंनी हा उद्योग का करावा, हे मला एका निर्मात्यांमुळे कळलं. त्यांनी मंडईतल्या एका भाजीवाल्या बाईंचा फोटो आणला होता. चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. "पोस्टरवर हाच चेहरा हवा," ते म्हणाले.

ताईंनी फोटो पालथा करून परत दिला. "अहो, पोस्टर लागल्यावर या बाई रोजच्यासारख्या भाजी विकायला बसणार. तेव्हा शेजारी आपण बसणार आहात का?"

निर्मात्यांनी फोटो खिशात घातला आणि पोस्टरवर पुन्हा ताईच आल्या.

कामात त्या कडक. माझं भीतीदायक शीर्षक पाहून म्हणाल्या, "आपली अक्षरं थरथरताहेत. घाबरायचं काम वाचकांचं आहे." मी दोन दिवस फुगून बसलो आणि मग सरळ अक्षरं काढली. पण संगणक आला, माझी कामं आटली, तेव्हा याच ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावू लागल्या, की अक्षरं देवधरांची नसतील तर चित्र मिळणार नाही. माझं घर त्यावर चाललं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गिऱ्हाइकांनी सांगितलं.

गेल्या वर्षी ताईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डोळा ओघळला, ओठ वाकडा झाला. डॉक्टर म्हणाले, थोडंफार सुधारेल, पूर्वीसारखं होणार नाही. जिन्यात शेजारची मुलगी त्यांना पाहून आईमागे लपली, त्या दिवसापासून ताईंनी घराबाहेर पडणं सोडलं. भयपटांवरच्या एका विशेषांकाचं मुखपृष्ठ अर्धवट पडलं होतं. दारात भूत आणि त्याच्यासमोर कंदील घेऊन उभी असलेली बाई, एवढं ठरलेलं. मी विषय काढला तर म्हणाल्या, "देवधर, जन्मभर जे काढलं तेच झाले मी. आता काय काढायचं?" ताई पुन्हा ब्रश धरणार नाहीत असंच वाटलं, आणि घरी येऊन मी चक्क रडलो.

महिन्याभराने त्यांचाच फोन आला. "या. अक्षरांना जागा ठेवली आहे."

मी पोचलो तेव्हा वाघोलीहून विशेषांकाचे तरुण संपादक आलेले होते. चित्रातलं भूत गोरंगोमटं, नितळ, हसतमुख. आणि कंदील धरून त्याला अडवणाऱ्या बाईंचा डावा डोळा ओघळलेला, ओठ वाकडा. अंगावर काटा आला माझ्या. इतकी धीट बाई मी कुठल्याच पोस्टरवर पाहिलेली नाही.

"ताई, फेसेस स्वॅप झालेत का?" संपादकांनी चाचरत विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ही बाई आजारी आहे. भूत नाही."

संपादकांनी मान खाली घातली आणि चित्र आहे तसं छापलं. अंक आला त्या दिवशी ताई तो घ्यायला अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत स्वतः गेल्या, तोंडावर पदर न घेता. मी सोबत होतो, पण माझी गरज पडली नाही.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त एवढंच मागणं, की आपल्याला निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो, आणि आम्हां सर्वांची झोप आपण अशीच उडवत राहा. सत्काराच्या फोटोत डावी बाजू कॅमेऱ्याकडे करून बसणार, असा आपला निरोप मिळाला. फोटोग्राफरना मी तसं सांगून ठेवलं आहे.